भिंतीला चुना लावला, त्याची गोष्ट

सगळं सुरू झालं गोदरेजच्या कपाटामुळे. दोन-तीन वर्षांपूर्वीचा जुलै, सासूबाईंची एक जुनी पैठणी काही केल्या सापडेना, तेव्हा नवऱ्याने आणि मी मिळून कपाट भिंतीपासून ओढलं, आणि मागे जे दिसलं ते बघून पैठणी राहिली बाजूला. काळी, मखमलीसारखी बुरशी, कपाटाच्या पाठीच्या बरोब्बर मापाची, जणू कुणी कपाटाची सावली भिंतीवर रंगवून ठेवलीय. सासूबाई म्हणाल्या, "अगं हे तर माझ्या लग्नापासून ओलं असतं." म्हणजे पन्नासेक वर्षं. मी म्हटलं, आई, ओल वेगळी आणि हे वेगळं, हे केसाळ आहे.

घर माहीमला, एका वाडीत. नवऱ्याच्या पणजोबांनी १९२७ साली बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला, चौदा इंची विटेच्या भिंती, सांध्यात चुना, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. आजूबाजूला टॉवर आलेत, आमचं मधे दातातल्या फटीसारखं उरलंय. नवरा सांगतो, त्याच्या लहानपणी गल्लीतून ओटीवर यायला तीन पायऱ्या होत्या, आता एकच आहे, कारण दर डांबरीकरणाला रस्ता वर वर येत गेला आणि घर आपलं जागच्या जागी. त्यावर शेजारच्यांनी आमच्या भिंतीला चिकटून पेव्हर ब्लॉक टाकले. पाणी जाणार कुठे, भिंतीतच.

तर ओल होतीच. पण सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी ती जमिनीपासून दोन फूट असायची, पावसाळ्यात यायची आणि दिवाळीपर्यंत निघून जायची, आपण भिंतीला सफेदी मारायची, विषय संपला. हिचं 'येऊन मुक्काम' प्रकरण झालं २०११ नंतर. त्या साली एका कॉन्ट्रॅक्टरने (नाव नको, तसंही आता फोन लागत नाही) खाली चार फुटांपर्यंत जुना गिलावा काढून सिमेंटचा गिलावा केला, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर, वर पुट्टी, वर प्लॅस्टिक पेंट, आणि दहा वर्षं बघायला लागणार नाही म्हणाला. दोन वर्षं खरंच छान होतं. तिसऱ्या पावसाळ्यात ओल साडेपाच-सहा फुटांवर दिसली, म्हणजे सिमेंट जिथे संपतं त्याच्या वरती! पाणी अडलं नव्हतं, फक्त बाहेर पडायची वाट शोधत वर चढलं होतं. माणूस आम्हाला चुना लावून गेला म्हणायचं, पण खरा चुना तेवढा त्याने वापरला नाही, तोच वापरला असता तर बरं झालं असतं.

खालची गोष्ट ही. वरच्या मजल्याची वेगळी, आणि खरं तर मला लिहायचंय ते त्याबद्दल.

वर दोन खोल्या पश्चिमेला. एक आमची, एक लेकाची. मार्च ते मे दुपारी दोन ते सहा ती भिंत ऊन खाते आणि रात्री अकरानंतर ते परत करायला बसते. जाड भिंतीचं हेच आहे, दिवसा थंड वाटतं, रात्री मागून तवा ठेवल्यासारखं. हात लावला तर कळतं. म्हणून एसी आला, आधी आमच्या खोलीत मग लेकाच्या, आणि लेकाच्या खोलीत हौसेने व्हिनाइलचा वॉलपेपर, निळा, ग्रहतारे वगैरे. एक पावसाळा गेला आणि वॉलपेपरवर गुलाबी डाग उमटले. मला वाटलं पोराने सरबत उडवलं असणार, त्याला ओरडलेसुद्धा. पुसून जाईनात. एक कोपरा धरून ओढला तर मागे चिखल, अक्षरशः, पुट्टीचा लगदा झालेला आणि तीच काळी मखमल. नंतर वाचलं की हे गुलाबी डाग म्हणजे व्हिनाइलच्या मागे वाढणाऱ्या बुरशीचा रंग, तो प्लॅस्टिकमधून पुढे झिरपतो, आणि दमट गरम हवेच्या गावांत एसीच्या खोल्यांमध्ये ही गोष्ट चांगलीच माहितीची आहे. लेकाची माफी मागितली. त्याने त्याबद्दल पिझ्झा वसूल केला.

पहिला मजला आहे, जमिनीतली ओल तिथे चढणार नाही, कौलं आम्ही आदल्याच वर्षी परतली होती, पाइप त्या भिंतीतून जात नाही. मग पाणी आलं कुठून? या प्रश्नाने माझं डोकं खाल्लं. इंटिरियरवाल्या एका मुलीला बोलावलं, ती म्हणाली सोपं आहे, आतून जिप्सम बोर्डचं पार्टिशन करू, मागे ग्लासवूल भरू, चंदेरी फॉइल लावू, गरमीही थांबेल आणि ओलही दिसणार नाही. 'दिसणार नाही' हे तिने ज्या आनंदाने सांगितलं तिथेच मला खटकलं. कपाटामागचीही दिसत नव्हतीच की.

मग मी रात्री जागून इंग्लंडातल्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागले. तिकडे १९१९ च्या आधीची लाखो घरं आमच्यासारखीच, मधे पोकळी नसलेल्या भरीव भिंतींची, आणि ती थंडीत गार पडतात म्हणून लोक आतून इन्सुलेशन करतात. त्यांच्यात दोन पंथ आहेत. एक फोम आणि प्लॅस्टिकवाला, दुसरा म्हणतो जुन्या भिंतीला श्वास घेता आला पाहिजे म्हणून लाकडाच्या तंतूंचे बोर्ड, कॉर्क, चुन्यात कालवलेला भांगेच्या झाडाचा भुसा असलं लावा. (हो, भांगच. खोडाचा आतला भुसा. सासूबाईंना सांगितल्यावर त्या आठवडाभर हसत होत्या.) श्वास हा शब्द जरा फसवा आहे, भिंतीतून वारा वाहत नाही, तसा वाहिला तर ती भिंत नाही. पाण्याची वाफ तिच्या बारीक छिद्रांमधून आतबाहेर जाऊ शकते, जास्त झाली तर भिंत ती थोडी स्वतःत साठवते आणि हवा कोरडी झाली की सोडते, एवढाच त्याचा अर्थ. मातीच्या माठाला पाझर असतो आणि स्टीलच्या पिंपाला नसतो, तसं.

पण त्यांचं सगळं ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे आपल्याला उलटं लागू होतंय. आणि होतंच. तिकडे थंडीत घर आतून गरम, स्वयंपाकाची-आंघोळीची वाफ आत, म्हणून वाफ आतून बाहेर जायला बघते. तिथला प्लॅस्टिकवाल्यांचा नियम, की वाफ अडवणारी शीट भिंतीच्या गरम बाजूला लावायची. त्यांची गरम बाजू आत. आपली? आपली बाहेर! जुलैतली मुंबईची हवा घ्या, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, ही हवा साधारण २७ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. आणि आपण आत एसी लावतो २४ वर. म्हणजे बाहेरची दमट हवा, भिंतीतून हळूहळू आत येणारी वाफ, आणि शेवटी तिला भेटतो काय तर गार पडलेला प्लॅस्टिक पेंट नाहीतर व्हिनाइल, त्याच्यातून पुढे जाता येत नाही, मग तिथेच त्याच्या पाठीला ती पाणी होऊन बसते. थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, आमची खोली तो ग्लास होती आणि वॉलपेपर ही काच.

बरं, नुसती वाफच नाही, बाहेरून सरळ पाऊसही. पश्चिमेची भिंत, समुद्राचा वारा, तिरपा मारा. बाहेर तो ॲक्रिलिकचा पेंट, केसाएवढ्या चिरांमधून पाणी आत घेतो आणि परत बाहेर सोडत नाही. आणि समजा बाहेर काहीच लावलं नसतं तरी जून ते सप्टेंबर ती भिंत बाहेरच्या बाजूने वाळणार कशी, बाहेरची हवाच ओली. कपडे वाळत नाहीत तिथे वीट काय वाळणार. पावसाळ्यात मुंबईतल्या भिंतीला वाळायचं असेल तर ती आतल्या बाजूनेच वाळू शकते, पंख्याखाली, एसीत. आणि आपण नेमकी तीच बाजू पुट्टी, प्लॅस्टिक, टाइल, वॉलपेपर, लॅमिनेट, कपाट असं सगळं लावून बंद करतो. हे लक्षात आलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

आता मटेरियल. कॉर्क मला फार आवडला होता. उष्णता अडवायच्या बाबतीत एक इंच कॉर्क म्हणजे ढोबळमानाने वीस इंच वीट, म्हणजे आमची अख्खी चौदा इंची भिंत एका इंचाच्या कॉर्कपुढे हरते. वाफ हळूहळू जाऊ देतो, सहज कुजत नाही. पण तो येतो पोर्तुगालकडून, भाव विचारला आणि फोन ठेवला. लाकडाच्या तंतूंचे बोर्ड इथल्या दमटपणात आणि वाळवीत किती टिकतील याची मला भीती वाटली, वाडीत वाळवी आमच्याआधीपासून राहते. बाहेरून इन्सुलेशन करणं सगळ्यात शहाणपणाचं, ऊन भिंतीत शिरायच्या आधीच अडतं, पण पश्चिमेला आमची भिंत आणि शेजारच्या सोसायटीचं कंपाउंड यात जेमतेम दोन फूट जागा, परांची बांधायला ते परवानगी देईनात. तेव्हा आतूनच.

मिस्त्री मिळाले ते ओळखीतून, मूळचे वाईकडचे, साठीचे, वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीची कामं केलेले. आले, चप्पल काढली, काही न बोलता खिशातून नाणं काढून भिंतीवर टकटक करत खोलीभर फिरले. जिथे भोद आवाज येई तिथे खडूने फुली. मग म्हणाले, "ताई, हिला रेनकोट घातलाय तुम्ही आणि आतनं घामानं भिजलीय ती." मी दोन महिने इंग्रजी व्हिडिओ बघून जे शोधलं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं, चहा यायच्या आधी. मी तरी विचारलं, काका, गरमीचं काय, नुसत्या चुन्याने गरमी थांबेल का? म्हणाले, नाही थांबायची, चुना काही गादी नाही. मग मी त्यांना ती भांगेच्या भुशाची आयडिया सांगितली. ते जरा वेळ गप्प, मग म्हणाले, आपल्याकडं तूस घालतात की मातीत.

तूस! म्हणजे भाताची टरफलं. मातीच्या भिंतीच्या गाऱ्यात तूस नाहीतर पेंढा घालून पायाने तुडवायची पद्धत कोकणात, मावळात सगळीकडे होती. टरफलात सिलिका भरपूर असते म्हणून ते लवकर कुजत नाही, गुरंसुद्धा नुसतं तूस खायला नाखूष असतात, आणि त्याच्या होडीसारख्या आकारात हवा अडकून राहते, गादीचं काम ती हवा करते. नवऱ्याचं आजोळ वाड्याला, तोच तो वाडा कोलमवाला, तिथल्या भाताच्या गिरणीच्या मागे तुसाचे डोंगर असतात. मामांना फोन केला की बारा पोती तूस हवंय. मामा म्हणाले, म्हैस घेतलीत का?

काम करायचं कधी यावर मिस्त्री ठाम. पावसाळ्यात नाही आणि मे महिन्यातही नाही. चुना कसा घट्ट होतो हे तोवर मला माहीत नव्हतं, मला वाटायचं वाळतो. तो वाळत नाही, तो हवा खातो. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि राहतो कळीचा चुना. त्याला पाण्यात विरवायचं, भिंतीवर लावायचं, आणि मग तो महिनोन्महिने हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा दगड होतो. पूर्ण चक्कर. पण भिंत पाण्याने गच्च असेल तर छिद्रांमधून हवा आत जात नाही, आणि एकदम कोरडी पडली तर ही प्रक्रियाच थांबते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईतला त्याचा सीझन. सिमेंट चौदाशे-साडेचौदाशे अंशांची भट्टी खाऊन येतं आणि दुसऱ्या दिवशी कडक होतं, आपल्याला त्याची सवय लागलीय, त्यामुळे चुन्याचा संयम डोक्यात जातो. माझ्याही गेला.

चुना विरवायचा दिवस मात्र विसरणार नाही. अंगणात लोखंडी पिंप (प्लॅस्टिकचं नको, वितळेल, म्हणाले), त्यात अर्धं पाणी, आणि वरून कळीचे खडे थोडे थोडे. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उडतं आणि डोळा जातो. आधी काही नाही, मग एकदम फसफस, बुडबुडे, वाफा, पाणी खदखदायला लागलं, विस्तव नाही काही नाही. वाडीतली सगळी मुलं गोळा. लेकाला गॉगल आणि हातमोजे घालून लांब उभा केला होता, तो म्हणाला हे तर केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. चुनाभट्टी स्टेशनवरून एवढी वर्षं लोकलने गेले, नावात काय आहे ते त्या दिवशी डोक्यात शिरलं. मग ते पिंप महिनाभर तसंच, वर चार बोटं पाणी, खाली लोण्यासारखा चुना. जुन्या काळी घाणीत बैल जुंपून दगडी चाकाखाली चुना-वाळू मळायचे, ती घाणी आता कुठली, आम्ही छोटा मिक्सर भाड्याने आणला. वाळू धुतलेली नदीची, खाडीची अजिबात नाही, तिच्यातलं मीठ जन्मभर पाणी ओढत राहतं. हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी मिस्त्री स्वतः आणायचे, प्रमाण विचारलं की "हाताला कळतं" म्हणायचे. सासूबाईंची शंका, गुळाला मुंग्या नाही का लागणार? "चुन्याला मुंगी शिवत नाही आजी." ते खरं निघालं. ताज्या चुन्याचा पीएच बारा-साडेबाराच्या घरात असतो, मुंगी काय, बुरशीचीही तिथे डाळ शिजत नाही.

दसऱ्यानंतर तोडफोड. वरच्या भिंतीवरची पुट्टी आणि पेंट खरवडायला चार दिवस. खाली सिमेंट काढताना मात्र पोटात तुटायचं, कारण छिन्नी मारली की सिमेंटबरोबर विटेचं तोंडच निघून यायचं. गिलावा विटेपेक्षा कडक असला की असंच होतं, भांडणात वीट हरते. आत विटांवर पांढरा खार फुललेला, लोणा. तो पाण्याने धुवायचा नाही, धुतला तर मीठ परत आत जातं, कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकायचा. झाडला, पंधरा दिवसांनी परत आला, परत झाडला, असं चार वेळा. जवळपास दोन महिने आम्ही उघड्या विटांच्या घरात राहिलो. येणारी पाहुणी मंडळी "अय्या, एक्स्पोज्ड ब्रिक केलंत, किती छान" म्हणून फोटो काढून जायची.

खाली आम्ही इन्सुलेशन केलं नाही, हे मुद्दाम सांगते. तिथे जमिनीतून मीठपाणी येत राहणार, तिथे नुसता चुना-सुरखीचा गिलावा. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची भुकटी, ओलाव्यातही चुन्याला घट्ट करते. तो गिलावा आठ-दहा वर्षांनी मिठाने खराब होईल तेव्हा काढून परत करायचा, विटेच्या ऐवजी मरायचं काम त्याचं. आणि बाहेर पेव्हर ब्लॉक फूटभर मागे घेऊन चर खणला, त्यात खडी भरली. खरं सांगू का, तळमजल्याची निम्मी ओल त्या चराने गेली, त्याला खर्च आला दोन मजुरांची तीन दिवसांची मजुरी आणि शेजाऱ्यांशी एक भांडण.

वर तुसाचा गिलावा. पहिला प्रयत्न फसला. तूस चाळून कणी आणि कोंडा काढला होता (तो ठेवला तर पोरकिडे होतात), पण कोरडंच चुन्यात कालवलं. रात्रीत त्याने चुन्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि सकाळी भिंतीवर भेगांचा नकाशा. मिस्त्री नुसते बघत उभे राहिले, मग म्हणाले, चूक माझी, माती असती तर चाललं असतं. अख्खा थर काढला. दुसऱ्या वेळी तूस रात्रभर चुन्याच्या निवळीत भिजवून, निथळून घेतलं. भिंतीला आदल्या दिवशीपासून पाण्याचे हबके, विटांचे सांधे अर्धा इंच खरवडलेले, आधी एक पातळ खरबरीत थर, त्यावर तुसाचा वीस मिलिमीटर, पंधरा दिवस थांबून परत वीस. गोणपाट ओलं करून समोर टांगायचं, खिडक्या उघड्या पण ऊन थेट नको. सगळी खोली ओल्या भाताच्या खळ्यासारखी वासायची, मला आवडायचा तो वास, नवरा हॉलमध्ये झोपायचा. सगळ्यात वर संगमरवराची पूड घालून मऊ पातळ थर आणि मग सफेदी, दुधासारखी पातळ, चार हात. ओली असताना खालचं सगळं दिसतं, रंगारी असता तर हाकलून दिला असता, पण वाळेल तशी ती पांढरी होत जाते. सासूबाईंनी आग्रहाने चिमूटभर नीळ घातली. पूर्वी बुरशीसाठी मोरचूदही घालायचे म्हणे, पण ते विषारी, आम्ही टाळलं.

कटकटीही लिहिते, कारण फोटो बघून दोघीतिघींनी मिस्त्रींचा नंबर मागितलाय. सगळे स्विचबोर्ड चाळीस मिलिमीटर पुढे आणावे लागतात, हे आम्हाला अर्ध्या कामात आठवलं. खिडकीच्या कडा आत गेल्या, पडद्याचा रॉड बसेना. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे गिलावा चिकटवला नाही, बोटभर फट ठेवली, लाकूड ओलं राहिलं तर कुजतं आणि तुळई कुजणं म्हणजे घर जाणं, त्याआधी एका स्ट्रक्चरल इंजिनियरकडून सगळ्या तुळया टोचून तपासून घेतल्या होत्या. खिळा ठोकताना जपून, टीव्हीसारखं जड काही या भिंतीला नाही, ठोकलंच तर लांब स्क्रू थेट विटेत. खर्च साध्या गिलाव्याच्या दुपटीच्या आसपास गेला, पहिला थर फुकट गेला तो धरून. आणि वेळ, ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

आता दोन पावसाळे झाले. खोली थंडगार झाली असं काही नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, चाळीस मिलिमीटर तूस-चुना म्हणजे कॉर्क नाही. पण रात्री अकराला भिंतीला हात लावला की तो तवा लागत नाही, आणि एसी पहाटे दोन-तीनला बंद केला तरी खोली सकाळपर्यंत तशीच राहते, आधी अर्ध्या तासात घाम फुटायचा. यातलं थोडं श्रेय खिडकीबाहेर टांगलेल्या बांबूच्या चटईलाही आहे. बुरशी मात्र नाही, एकदाही नाही. जुलैत एसीच्या पाइपाखाली बादली ठेवते मी, रात्रीत निम्म्याहून जास्त भरते, आणि त्यात थोडं तरी आमच्या भिंतीतलं पाणी असणार याचा मला उगाच आनंद होतो, ते झाडांना घालते.

गोदरेजचं कपाट आता भिंतीपासून तीन इंच पुढे उभं आहे. तिथे हात घालून झाडू फिरवता येतो. पैठणी सापडली, ती दुसऱ्याच ट्रंकेत होती. नवऱ्याची तक्रार एकच, सफेदी अंगाला लागते, परवा गडद निळा शर्ट घालून पलंगावर टेकून फोनवर बोलत बसला आणि तसाच ऑफिसला गेला, पाठीवर भलामोठा पांढरा ढग घेऊन, आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणी सांगितलं नाही. चिमूटभर सरस घातला तर कमी लागेल म्हणे, या दसऱ्यानंतर लेकाच्या खोलीला घालून बघणार आहोत. अंगणातल्या पिंपात चुना भिजत घालून झालाय, वर पत्रा, पत्र्यावर पाटा, आणि पाट्यावर सासूबाईंनी खडूने लिहिलंय, 'हात लावू नये'.